जपानमधल्या कुराशिकीला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. नकाशावर 'शिन-कुराशिकी' हे शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, स्टेशन दिसतं आणि माणूस तिथेच उतरायचं ठरवतो. कालव्याकाठचं जुनं गाव तिथे नाही. ओकायामाला उतरा, सान्यो मार्गाची लोकल पकडा. साधारण १७ मिनिटांत कुराशिकी येतं. पुढे दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं पायी. चुकून शिन-कुराशिकीला उतरलात तरी घाबरू नका, ओकायामाकडे जाणाऱ्या लोकलने कुराशिकी दोनच स्टेशनं पुढे आहे.

सोमवार शक्यतो टाळा. ओहारा कलासंग्रहालय बहुतेक सोमवारी बंद असतं आणि तिथलं एल ग्रेको या जुन्या युरोपीय चित्रकाराचं चित्र न बघता परतणं जिवाला लागतं. १९३० साली उघडलेलं हे पाश्चात्त्य कलेचं जपानमधलं पहिलं खासगी संग्रहालय.

कालव्यातल्या होडीच्या फेरीचं तिकीट दुपारवर ढकलू नका. होड्या लहान, फेरी जेमतेम २० मिनिटांची. गर्दीच्या दिवशी तिकिटं लवकर संपतात, म्हणून आल्या आल्या आधी तेच काढा. वारा-पाऊस असेल तर फेऱ्या बंद राहतात.

शाकाहारी असाल तर साध्या उदोनवरही (रश्श्यातल्या जाड नूडल्सवरही) भरवसा ठेवू नका. रस्सा बहुधा माशाच्या दाशीचा, म्हणजे अर्काचा, असतो. ऑर्डर देण्याआधी विचारा.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुलावर फोटो काढून तासाभरात निघून जाणं. १६४२ पासून हे गाव थेट शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, अमलाखाली होतं. आसपासची जमीन समुद्र हटवून मिळवलेली, खारट. तिथे कापूस चांगला यायचा. तांदूळ आणि कापूस याच कालव्यातून होड्यांनी जायचे, म्हणून काठाला एवढी गोदामं. १८८९ ची कापडगिरणी आज आयव्ही स्क्वेअर म्हणून उभी आहे, लाल विटांवर वेली चढलेल्या. गोदामाच्या भिंतीजवळ जाऊन बघा: काळ्या चौकोनी फरशा आणि सांध्यांवर बोटभर फुगीर पांढरा चुना. लांबून ही नुसती नक्षी वाटते, पण ती ओल आणि आग अडवण्यासाठी आहे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकानं मिटायला लागतात आणि सहलीच्या बस निघून जातात. तुम्ही थांबा. दिवे लागले की काठच्या विलोच्या झाडांच्या फांद्या पाण्यात उतरतात आणि काठावर आपल्याच पावलांचा आवाज येतो. मुक्काम ओकायामाला असला तरी परतीच्या लोकल रात्री उशिरापर्यंत मिळतात.