इंग्लंडच्या शिवारातला पिलबॉक्स कसा मोजावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पुष्कळ माणसं लेकीसुनांकडे इंग्लंडला महिना-दोन महिने राहून येतात. राजहंसगडाच्या तटावरच्या जंग्या (बंदूक रोखायची भोकं) न्याहाळलेल्यांना तिथे नदीकाठी किंवा कालव्याच्या पुलाजवळ बसकी काँक्रीटची खोली दिसली, तर ती जरूर मोजावी. हा पिलबॉक्स, म्हणजे आतून बंदूक चालवायची लष्करी चौकी. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन स्वारीच्या धास्तीने असे हजारो बांधले गेले. तेव्हाचे ब्रिटनच्या गृहसेनेचे प्रमुख जनरल आयर्नसाइड यांच्या आखणीत नद्या-कालवे हेच खंदक होते.

सार्वजनिक पायवाट सोडून शेतात शिरायचं तर मालकाची परवानगी हवी. ५ मीटरचा टेप, बॅटरी, होकायंत्र, वही आणि जाड तळव्याचे बूट घ्या. आत फुटक्या काचा असतात.

आधी बाहेरून फेरी मारून प्रत्येक बाजू मोजा. सहाही बाजू सारख्या असल्या तर बहुधा टाइप २२ (हे लष्कराच्या ठरावीक नकाशांचे क्रमांक). दाराची बाजू लांब, साधारण १४ फूट, बाकीच्या साडेसात-आठ फूट, आणि दाराच्या दोन्ही अंगांना जंगी असली तर टाइप २४. हाच सर्वांत जास्त आढळतो. चौरस तो टाइप २६. पण आकडे आधी लिहा, नाव मागून द्या. स्थानिक ठेकेदारांनी नकाशात बरेच फेरफार केले होते.

भिंतीची जाडी जंगीतच कळते. फूट-सव्वा फूट असेल तर ती बंदुकीच्या गोळीपुरती, साडेतीन फूट असेल तर तोफगोळ्यासाठी. चूक इथेच होते: पुष्कळ ठिकाणी सेंट्रिंगला फळ्यांऐवजी विटा लावून तशाच ठेवल्या आहेत. विटांचा थर वेगळा नोंदवा. बाहेरून नुसत्या विटा पाहून ‘विटांचं बांधकाम’ लिहू नका. आत मधोमध इंग्रजी वाय किंवा टी आकाराची भिंत असते. आत शिरलेली गोळी उसळून सगळ्यांना लागू नये म्हणून ती घातलेली. तिचंही माप घ्या.

दिशा आत उभं राहून घेऊ नका, सळयांमुळे काटा फिरतो. दहा पावलं बाहेर येऊन जंगीच्या रेषेत बघा: समोर पूल, रस्ता की नदीचा उतार? मोबाइलवरचं ठिकाणही बाहेरूनच घ्या. ब्रिटिश ग्रिडचा, म्हणजे तिथल्या नकाशांवरच्या चौकटींचा, आठ आकडी संदर्भ १० मीटरपर्यंत नेतो. सहा आकडी १०० मीटरचा, तेवढ्यात कुंपणाच्या झुडपांत पिलबॉक्स पुन्हा सापडत नाही.

नोव्हेंबर ते मार्च आत जाऊच नका. वटवाघळं तिथे हिवाळी झोप घेतात, त्यांना उठवणं कायद्याने गुन्हा आहे. वेल ओढू नका, सुटलेलं काँक्रीट सोबत येतं. नोंद आणि प्रत्येक बाजूचा टेपसह फोटो त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) ऐतिहासिक नोंद विभागाला पाठवा. आधीची नोंद असली तरी आजची स्थिती त्यांना उपयोगी पडते.