ब्रिटनमध्ये ए-टू लायसन्सवर सेकंडहँड मोटारसायकल घेताना

आपल्याकडे लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलचा शिक्का पडला की शंभर सीसीची स्प्लेंडर चालवा नाहीतर हजार सीसीची सुपरबाइक, आरटीओला त्याचं सोयरसुतक नसतं. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींची पहिली गफलत इथेच होते. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. पण ते लायसन्स ब्रिटिश लायसन्सशी बदलून मिळत नाही. वर्ष सरलं की प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढा, सीबीटी, म्हणजे सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण, पूर्ण करा, थिअरी द्या, मग प्रॅक्टिकलचे दोन भाग द्या. आणि वय चोवीसच्या आत असेल तर एवढं सगळं करून हातात पडतं ते ए-टू, म्हणजे ताकदीवर मर्यादा असलेलं लायसन्स.

म्हणून पहिला सल्ला गाडीचा नाही, वयाचा आहे. तुम्ही साडेतेवीस वर्षांचे असाल तर सहा महिने बसने फिरा आणि चोविसाव्या वर्षी थेट पूर्ण ‘ए’ची परीक्षा द्या. एकोणीस-वीसचे असाल तर ए-टूला पर्याय नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नाही. या मर्यादेत बसणाऱ्या गाड्या चांगल्या आहेत, त्यातल्या काही तर चाकणहून आलेल्या आहेत.

१. मर्यादा सीसीची नाही, किलोवॅटची

ए-टूच्या अटी तीन. ताकद ३५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे सुमारे ४७ हॉर्सपॉवरपेक्षा जास्त नको. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त ताकद नको. आणि गाडी मोठी असून तिची ताकद मुद्दाम कमी केलेली असेल, तर मूळ ताकद कमी केलेल्या ताकदीच्या दुपटीपेक्षा जास्त नको.

दुसरी अट बरेच जण विसरतात. ३५ किलोवॅटची गाडी किमान १७५ किलोची हवी, आणि दीडशे किलोच्या गाडीला ३० किलोवॅटच्या वर परवानगी नाही. कावासाकी निन्जा ४०० ही सुमारे ३३ किलोवॅटची आणि १६८ किलोची. भागाकार करून पाहा, मर्यादेला अगदी घासून बसते. तिसऱ्या अटीमुळे ३५ किलोवॅटवर आणलेल्या गाडीची मूळ ताकद ७० किलोवॅटच्या आत असावी लागते. यामाहा एमटी-०७ त्यात बसते, एमटी-०९ बसत नाही. विकणारा ‘रेस्ट्रिक्ट करून देतो’ म्हणाला तरी नाहीच बसत.

हे हलक्यात घेऊ नका. मर्यादेबाहेरची गाडी चालवताना पकडलं गेलं तर लायसन्सचा गुन्हा आहेच, वर विमाही धोक्यात येतो. विम्याविना चालवण्याचे लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट लागतात. ब्रिटनमधलं पहिलं लायसन्स मिळून दोन वर्षं व्हायच्या आत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द. पुन्हा प्रोव्हिजनलपासून सुरुवात.

२. जन्मतःच मर्यादेत असलेली गाडी घ्या

बाजारात दोन प्रकारच्या गाड्या दिसतील. कारखान्यातूनच ३५ किलोवॅटच्या आत आलेल्या, आणि मोठ्या गाड्या ज्यांना किट बसवून किंवा ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं, मॅपिंग बदलून आवळलेलं आहे. दुसऱ्या प्रकाराचं आकर्षण मला समजतं: दोन वर्षांनी पूर्ण ‘ए’ मिळालं की किट काढायचं, गाडी तीच. पण सेकंडहँडमध्ये हा हिशोब फारसा जमत नाही. किट खरंच बसवलेलं आहे की मागच्या मालकाने काढून टाकलंय, हे बाहेरून दिसत नाही. बसवल्याचं सर्टिफिकेट हवं, ते बऱ्याचदा ‘कुठेतरी असेल’ असतं. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. शिवाय दोन वर्षं झाली की पूर्ण ‘ए’ आपोआप मिळत नाही; थिअरी पुन्हा द्यावी लागत नाही, पण प्रॅक्टिकलचे दोन्ही भाग मोठ्या गाडीवर पुन्हा द्यावे लागतात. तेव्हा सर्टिफिकेट हातात आणि ते दुकानात फोन करून पडताळलेलं, एवढं असेल तरच या वाटेला जा.

मग कोणत्या गाड्या पाहायच्या? माझी पहिली पसंती होंडा सीबी५०० ला. २०१३ पासूनची, ४७१ सीसीचं जुळं सिलिंडर, बरोबर ३५ किलोवॅट. एफ, एक्स आणि आर अशी तीन रूपं, इंजिन तेच. गाडी दिसायला थोडी सरळमार्गी आहे, पण थंडीत, पावसात रोज कामाला न्यायला तिच्याइतकी बिनतक्रार दुसरी नाही. फक्त एक पाहा: ट्रेनिंग स्कूलवाले हीच गाडी भरपूर वापरतात. शिकाऊंच्या हाताखाली राहिलेली गाडी जोरात आपटलेली नसते, उभ्या उभ्या पडलेली असते. हँडलची टोकं, क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची टोकं, फूटरेस्ट आणि इंजिनच्या कव्हरची कड, चारही ठिकाणी दोन्ही बाजूंनी ओरखडे असले तर समजून जा आणि भाव पाडा.

केटीएम ३९० ड्यूक पुण्याच्या माणसाला वेगळी सांगायला नको. बजाजच्या चाकण प्रकल्पातून ती जगभर जाते. हलकी, चपळ, वळणावर मजा आणणारी. पण ती बहुधा तरुण आणि उतावळ्या हातांत राहिलेली असते, त्यामुळे सर्व्हिसची नोंद नसेल तर मी तिच्याकडे पाहतही नाही. २०२३ साली आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० सुद्धा चाकणचीच. अजून नवी असल्याने सेकंडहँडमध्ये भाव फारसा उतरत नाही.

रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० चेन्नईची, पण तिच्या घडणीत कंपनीच्या लेस्टरशरमधल्या तंत्रकेंद्राचा मोठा वाटा. ६४८ सीसी असूनही ताकद ४७ हॉर्सपॉवरच, म्हणजे ए-टूवर सरळ चालते. वजन दोनशे किलोच्या वर आहे, तेव्हा पार्किंगमधून मागे ढकलून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आऱ्यांची चाकं असलेल्या मॉडेलला टायरमध्ये ट्यूब असते. पंक्चर काढणारा इथे नाक्यानाक्यावर नसतो, हे लक्षात ठेवा. मीटिऑर किंवा क्लासिक ३५० गावात सुंदर, पण वीस हॉर्सपॉवरवर मोटरवेचा ताशी सत्तर मैलांचा वेग गाठताना तिला धाप लागते.

३. घराबाहेर पडण्याआधी गाडीची कुंडली पाहा

हे काम फुकट आहे आणि तरी लोक करत नाहीत. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी सक्तीची, आणि त्या सगळ्या तपासण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबर टाकून दिसतो. पास-नापास तर पाहाच, पण खरी गंमत मैलांच्या आकड्यात आणि तपासनिसाने दिलेल्या सूचनांमध्ये असते.

समजा, तीन नोंदी अशा आहेत: ४,१०० मैल, ७,९०० मैल, मग मध्ये दोन वर्षं काहीच नाही, आणि नंतर ८,०५० मैल. म्हणजे गाडी दोन वर्षं कुठेतरी उभी होती. उभ्या गाडीची बॅटरी मरते, टायर कडक होतात, ब्रेकचे पिस्टन चिकटतात. जाहिरातीत हेच ‘फार कमी चाललेली’ म्हणून येतं. आकडा आधीच्या वर्षापेक्षा कमी झाला असेल तर विचारायलाही जाऊ नका. आणि ‘मागचं टायर मर्यादेजवळ’ ही सूचना दोन वर्षं लागोपाठ असेल, तर मालक गाडीवर खर्च करत नाही हे त्याने न सांगता कळलं.

त्यानंतर थोडे पैसे देऊन हिस्टरी चेक करा. भारतात कर्जावर घेतलेल्या गाडीचा बोजा आरसीवर चढतो, तो उतरवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. इथे तसं नाही. व्ही-फाइव्ह-सी या लॉगबुकवर कर्जाचा उल्लेखच नसतो, आणि त्यावर नाव असणं हा मालकीचा पुरावाही नाही, तो फक्त नोंदणीकृत धारक कोण ते सांगतो. कर्ज बाकी असलेली गाडी तुमच्याकडून फायनान्स कंपनी उचलून नेऊ शकते. त्याच रिपोर्टमध्ये चोरीची नोंद आणि विमा कंपनीने गाडी मोडीत काढली होती का तेही दिसतं. ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांच्या वर्गवारीत ‘एस’ म्हणजे सांगाड्याला मार, ‘एन’ म्हणजे सांगाड्याशिवाय इतर नुकसान. मोटारसायकलच्या प्लास्टिकचे भाव असे आहेत की साधं पडूनही गाडी ‘एन’मध्ये जाते, दुरुस्तीचे फोटो असतील आणि किंमत पुरेशी खाली असेल तर विचार करायला हरकत नाही. ‘एस’ सोडून द्या.

लंडनमध्ये राहणार असाल आणि २००७ च्या आधीची गाडी डोळ्यांत भरली असेल, तर यूलेझचे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचे, दिवसाचे साडेबारा पौंड आधी तपासा.

४. गाडीसमोर उभं राहिल्यावर

जायचं ते दिवसा, कोरड्या हवेत, आणि विकणाऱ्याच्या घरी. लॉगबुकवरचा पत्ता तोच हवा. ‘मधेच पेट्रोल पंपावर भेटू’ म्हणणाऱ्याला नमस्कार. फोनवरच सांगून ठेवा की गाडी आधी सुरू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनच्या कव्हरला हात लावणं. कोमट लागलं तर त्याने गाडी गरम करून ठेवली आहे, आणि त्याला कारण असतं. थंड इंजिन एका बटणात सुरू होऊन स्थिर राहायला हवं, निळा धूर नको.

हँडलच्या मानेजवळ सांगाड्यावर कोरलेला नंबर लॉगबुकशी अक्षर न् अक्षर जुळवा. किल्लीच्या भोकाभोवती खरवडलेलं दिसतंय का, दोन्ही किल्ल्या आहेत का, पाहा.

आता ब्रिटनची खास गोष्ट: मीठ. हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडी खातं. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गाडी ठेवलेल्यांना हे सांगायला नको. वरून चकाचक पुसलेल्या गाडीखाली वाका. सायलेन्सरचा इंजिनकडचा पाइप, रेडिएटरच्या खालच्या जाळ्या, मागच्या शॉकअपचे सांधे, बोल्टची डोकी. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग दिसला तर गाडी हिवाळाभर चालली आणि धुतली गेली नाही. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा. खड्डा लागला तर तो सील फाडणार, आज नाही तर उद्या. सीलखाली तेलाचा ओलावा असेल तर फाडलंच आहे.

चेन मात्र सावकाश पाहा, कारण मालकाचा स्वभाव तिथे कळतो. मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चेन धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. मग विकणाऱ्याला गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांगा आणि चेनचा ताण पाहत राहा. एका ठिकाणी सैल, एका ठिकाणी ताठ असेल तर ती असमान ताणली गेलीय. दात मागे वळलेल्या हुकांसारखे दिसत असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, पूर्ण सेट धरून भाव करा.

टायरच्या कडेला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असूनही टायर म्हातारं असू शकतं. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, कडेला उंचवटा बोटाला लागतो का ते पाहा. मग पुढचं चाक कुणाला तरी उचलून धरायला सांगून हँडल डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध ‘खट्’ करून अडकलं तर मानेचे बेअरिंग गेले.

चालवून पाहायची असेल तर तुमचा स्वतःचा विमा त्या गाडीला लागू आहे का, आधी विचारा, बहुतेकदा नसतो. आणि परीक्षा अजून व्हायची असेल तर सीबीटीवर १२५ सीसीच्या वर एकट्याने जाताच येत नाही, तेव्हा गाडी चालवून पाहायला पूर्ण लायसन्स आणि विमा असलेला मित्र सोबत न्या.

५. पैसे आणि कागद

भाव ठरवताना मैलांवर वाद घालू नका, पुढच्या खर्चावर घाला. सीबी५०० सोळा हजार मैलांजवळ आली असेल आणि व्हॉल्व्ह तपासल्याची पावती नसेल, तर तो खर्च तुमच्या खिशातून जाणार, तो वजा करून बोला. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि भक्कम साखळीकुलूप यांचे पैसे बजेटमधून आधीच बाजूला काढलेले असू द्या.

लॉगबुक नसेल तर पैसे देऊ नका, ‘पोस्टाने येतंय’ असलं तरी. आगाऊ रक्कमही नको. गाडीशेजारी उभं राहून बँक ट्रान्सफर करा आणि पावती घ्या: दोघांची नावं, तारीख, नंबर, मैल, किंमत. विकणाऱ्याने डीव्हीएलएच्या, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याच्या, संकेतस्थळावर तुमच्यासमोरच नाव बदलावं. लॉगबुकमधली नव्या धारकाची हिरवी चिठ्ठी तुम्ही ठेवायची. जुन्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही, त्या चिठ्ठीवरचा बारा आकडी नंबर वापरून तो तिथेच फोनवर भरता येतो. विमा त्या दिवसापासून सुरू असल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

विम्याचा फॉर्म भरताना नाव ब्रिटिश लायसन्सवर आहे तसंच लिहा. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते लायसन्सवर उतरतं, आणि घाईत विम्यावर नुसतं नाव-आडनाव लिहिलं जातं. नवीन लॉगबुक पोस्टाने आलं की तिन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंग एकदा ताडून पाहा.