सायन्स आवडतं म्हणजे त्यातलं नक्की काय आवडतं? दहावी-बारावीवाल्यांसाठी थोडं

दरवर्षी निकाल लागला की नात्यातल्या कुणाचातरी फोन येतोच, "अरे तू त्या लाइनमधला, आमच्या पोराला सायन्स आवडतं, काय करू दे?" मी विचारतो सायन्समधलं काय आवडतं, तर पलीकडे एकदम शांतता. मग हळूच उत्तर येतं, मार्क चांगले पडतात रे त्याला. आता मार्क पडणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फोनवर दहा मिनिटांत सांगणं अवघड, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं, चार वर्षं एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली आणि आता ज्युनियर कॉलेजला शिकवतो, म्हणजे जे सांगतोय ते या तेवढ्या खिडकीतून दिसलेलं आहे.

पहिलं काम म्हणजे स्वतःकडे बघा. आमच्या प्रॅक्टिकलला एक साधं टायट्रेशन असतं, म्हणजे द्रावण किती लागतं ते मोजायचं: ब्युरेटमधून (खाली कॉक असलेली मापाची काचेची नळी) बेस थेंब थेंब सोडायचा आणि फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक फिक्का गुलाबी झाला की थांबायचं. यावर्षी एकाच टेबलवर तिघं होते. एका मुलीची दोन रीडिंग जुळली नाहीत, ९.८ आणि ९.९ आलं, तिला ते खपेना, बाकीचे डबे उघडून बसले तरी ही तिसऱ्यांदा करतेय. दुसऱ्याने रीडिंग सरळ शेजाऱ्याचं छापलं पण मला गाठून विचारत राहिला की सर हे गुलाबीच का होतं, आणि अजून बेस टाकला की परत रंग जातो म्हणतात ते खरं का (खरंय, खूप जास्त बेसमध्ये जातो). तिसरा कधीचा गळका ब्युरेट उघडून कॉकला व्हॅसलीन लावत बसलेला. तिघांनाही सायन्स आवडतं असंच घरचे सांगणार, पण पहिली लॅबसाठी जन्मलीये, दुसरा रिसर्चकडे जाईल, आणि तिसऱ्याला इन्स्ट्रुमेंटेशन (मोजमापाच्या यंत्रांचं काम) किंवा सरळ डिप्लोमा दिला तर तो सुखात राहील. तुम्ही यातले कोण ते महिनाभर बघा, एका वहीत लिहा वाटलं तर. कोणतं काम करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही एवढंच.

दुसरं, अकरावीत मॅथ्स सोडायची घाई नको. बायो आवडतं म्हणून मॅथ्स सोडणारे माझ्याकडे दरवर्षी दहा-बारा तरी असतात आणि त्यातले दोघं-तिघं बारावीत येऊन हळहळतात, कारण फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, डेटावालं सगळं काम आणि बऱ्याच इंटिग्रेटेड कोर्सेसची दारं तिथेच बंद होतात. आजकाल बायोलॉजीच्या रिसर्चमध्ये पण स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग लागतंच. झेपत असेल तर पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायो चारही ठेवा. अगदीच रडवत असेल तर सोडा, त्यात काही पाप नाही.

आता ज्यांना "का होतं" हा किडा आहे त्यांच्यासाठी. आयसर (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) हे नाव घरात कुणी ऐकलेलं नसतं, आणि पुण्याच्या आसपासच्या घरांत पण नसतं, हे मला कायम नवल वाटतं. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) शेजारी आयसर पुणे आहे, २००६ पासून, देशात असे एकूण सात. पाच वर्षांचं बीएस-एमएस, पहिली दोन वर्षं सगळे विषय थोडे थोडे आणि मग आपला निवडायचा. प्रवेश जेईई-नीटवर नाही, आयएटी म्हणून वेगळी परीक्षा असते, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायो प्रत्येकी १५ म्हणजे ६० प्रश्न, तीन तास, बरोबरला चार आणि चुकलं की एक वजा. बायो नसलेली मुलं बायोचे सोपे तेवढे सोडवतात आणि तरी लागतात, त्यामुळे तेवढ्यासाठी घाबरू नका. खरी गडबड तारखांची. फॉर्म बोर्डाच्या धामधुमीत, मार्च-एप्रिलच्या आसपास निघतो, घरचे सगळे सीईटीच्या मागे, आणि जूनमध्ये मुलगा विचारतो सर अजून भरता येईल का. नाही येत. फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा साइट बघायची सवय लावा. तशीच नेस्ट ही प्रवेश परीक्षा, तिच्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिनाला असलेलं सीईबीएस या बेसिक सायन्सच्या संस्था मिळतात. बंगळूरच्या आयआयएस्सीला (भारतीय विज्ञान संस्थेला) चार वर्षांचं बीएस आहे, त्याला जेईई किंवा आयएटीचे मार्क चालतात.

इथे नंबर नाही लागला तर साधी बीएस्सी वाईट का? नाही. फक्त ती झोपून करायची नसते. चांगलं कॉलेज बघा, म्हणजे कुठलं, तर जिथे प्रॅक्टिकल खरंच होतात. ॲडमिशनच्या आधी थर्ड इयरच्या कुणाला तरी गाठा आणि विचारा या वर्षी किती प्रयोग स्वतःच्या हाताने केले. आणि केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती बघा, बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि बेसिक सायन्स घेणार असाल तर वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टसाठी. विषयांच्या यादीत मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, जिऑलॉजी आहेत पण बायोटेक नाही, तिथे बरेच जण फसतात. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येतं, पवईला आपल्या खेड्यापाड्यातून आलेली पोरं असतात बरं का.

क्यूसीचं, म्हणजे क्वालिटी कंट्रोलचं काम कसं असतं ते सांगतो, कारण केमिस्ट्री केलेल्यांपैकी बरेच तिथेच जातात आणि कुणी आधी सांगत नाही. २०११ ला लागलो तेव्हा पगार साडेआठ हजार आणि तीन शिफ्ट. काम म्हणजे एचपीएलसी मशीनवर (औषधात काय आणि किती आहे ते मोजणारं मशीन) गोळ्यांचे सॅम्पल लावायचे आणि पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, योग्य वेळेला, योग्य आकाराचा येतो का बघायचा. एकदा नाइटला मोबाइल फेज (मशीनमधून वाहणारं द्रावण) डिगॅस करायचं, म्हणजे त्यातली हवा काढायचं विसरलो, पंपात हवा शिरली, प्रेशरचा आकडा नाचायला लागला आणि पहाटे चारपर्यंत मी पर्ज करत, म्हणजे ती हवा बाहेर काढत बसलेलो, सकाळी बॅच अडकली म्हणून प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा. वहीत काही चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून सही आणि तारीख टाकायची, सोयीचं नसलेलं इंजेक्शन (मशीनमध्ये सोडलेल्या सॅम्पलची नोंद) डिलीट करायचं तर नावच नको. ही शिस्त काहींना तुरुंग वाटते आणि काहींना (त्या तीनदा टायट्रेशनवालीला) एकदम घरच्यासारखी वाटेल. पगार वाढतो, पण कंपन्या बदलत राहिलात तर.

बाकीच्या लाइन भराभर सांगतो. जिऑलॉजीला कुणी जात नाही आणि म्हणूनच बघा, भटकायला आवडत असेल तर. एमएस्सी करून यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) जाता येतं, आणि आपल्याकडे विहिरी-बोअरवेलचं पाणी बघणारी भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहेच. बीएस्सी ॲग्रीला राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार विद्यापीठं. लवकर कमवायचं असेल तर एमएलटी (रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबचा कोर्स), पॅथॉलॉजी लॅब तालुक्यातालुक्यात आहेत. फॉरेन्सिकसाठी मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला सरकारी संस्था आहेत, पण मालिका बघून जाणार असाल तर आधीच सांगतो, खरं काम म्हणजे व्हिसेराच्या (मृताच्या आतड्या-यकृताचे नमुने) बरण्या, दारू प्यायलेल्यांचे रक्ताचे नमुने आणि फायली. सीनियर कॉलेजात शिकवायचं असेल तर सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि एक कटू गोष्ट, सेट पास झालेले लोकही तासिका तत्त्वावर वर्षं काढतात, तेव्हा फक्त त्याच्यावर विसंबू नका.

घरी पटवायचं कसं हा वेगळाच पेपर असतो. बाबांचा प्रश्न एकच, रिसर्च म्हणजे तिशीपर्यंत शिकतच बसणार का? तर पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात हे खरंय, ते लपवू नका. पण सीएसआयआर नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधन करणाऱ्यांची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० मिळतात, वर घरभाडं. म्हणजे आई-वडिलांकडून पैसे मागत पीएचडी करावी लागत नाही. हा आकडा सांगितला की निम्मा विरोध मावळतो. परीक्षा अवघड आहे हे पण त्याच दमात सांगा. एमएस्सीनंतर बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) ट्रेनिंग स्कूलचाही मार्ग आहे, वर्षभर ट्रेनिंग, स्टायपेंडसकट, आणि सरकारी नोकरी म्हटल्यावर आजी पण तुमच्या बाजूने येते.

आणि हे सगळं ठरवण्याआधी एकदा जागेवर जाऊन बघा. २८ फेब्रुवारीच्या आसपास विज्ञान दिनाला बऱ्याच संस्था लोकांसाठी उघड्या असतात. बारावीत तेव्हा बोर्ड चालू असतं, म्हणून अकरावीतच जा, किंवा नववीत. माझी पहिली पसंती खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, शेतांच्या मधोमध, आणि आजूबाजूच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग मांडून बसलेली. तिथल्या पीएचडीच्या पोरांना "करियर कसं आहे" विचारू नका, ते पण लाजतात. विचारा की काल दिवसभर काय केलं. मला एकाने सांगितलं होतं की तीन दिवस एकाच प्रोग्रॅममधली चूक शोधतोय, आणि सांगताना तो हसत होता. पुणे-नाशिक एसटीने नारायणगावला उतरायचं आणि पुढे खोडदची गाडी बघायची, टोपी न्या, आणि मोबाइल बंद ठेवा सांगितलं तर खरंच बंद ठेवा, त्यांना आकाशातलं ऐकायचं असतं.