स्मरणिकेच्या फाइलमधून मजकूर आणि फोटो काढून साचा कसा तयार करावा

बडोद्यात मराठी मंडळाची स्मरणिका म्हटली की मराठी लेखांच्या शेजारी गुजराती जाहिराती आल्याच. अशी दोन लिप्यांची मांडणी एकदा जमली की तीच इनडिझाइनची (पानांची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरची) फाइल पुढच्या समितीला, दुसऱ्या डीटीपीवाल्याला किंवा दर विचारण्यासाठी छापखान्यात दिली जाते. तिच्याबरोबर सभासदांचे मोबाइल नंबर, पत्ते आणि बक्षीस समारंभातले मुलांचे फोटोही जातात. मांडणी द्यावी, माणसांची माहिती देऊ नये. त्यासाठी हे काम.

सुरुवातीलाच ‘सेव्ह अ‍ॅज’ करून फाइलला नवं नाव द्या आणि मूळ फाइल बंद करा. मग लेयर्स पॅनलमधली सगळी कुलपं काढा, लपवलेले लेयर दिसते करा आणि प्रत्येक स्प्रेडवर, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोडीवर, ऑब्जेक्ट मेनूतलं ‘अनलॉक ऑल ऑन स्प्रेड’ चालवा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. ‘फाइंड चेंज’ ही शोधून बदलण्याची सोय कुलूपबंद मजकूर शोधून दाखवते, बदलत मात्र नाही. शेवटच्या पानावरची देणगीदारांची यादी अशीच तशीच्या तशी राहून जाते.

आता लेख. टाइप मेनूत ‘फिल विथ प्लेसहोल्डर टेक्स्ट’ आहे, पण त्यातून लॅटिन धाटणीचा मजकूर येतो. त्याला वेलांटी नाही, रफार नाही, खाली उकार नाही. १२ पॉइंट अक्षराला इनडिझाइनचं ओळींमधलं आपोआप अंतर १२० टक्के, म्हणजे १४.४ पॉइंट असतं. लॅटिन मजकूर त्यात छान बसतो. मराठी मजकुरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. मराठी स्मरणिकेला १२ पॉइंट अक्षरासाठी साधारण १७ किंवा १८ पॉइंट अंतर द्यावं लागतं. म्हणून साच्यातला मजकूर मराठी वळणाचाच हवा.

त्यासाठी ‘फाइंड चेंज’मधला ग्रेप टॅब वापरा. त्यात एका शब्दाऐवजी चौकोनी कंसात लिहिलेला अक्षरांचा अख्खा पल्ला शोधता येतो. शोधा [क-यल-ह], जागी घाला न. दुसऱ्या फेरीत शोधा [अ-औ], जागी घाला अ. मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि शब्दांमधल्या जागा जिथल्या तिथे राहतात, फक्त अक्षरं बदलतात. पहिल्या पल्ल्यातून र मुद्दाम वगळला आहे. रफार आणि रकार त्याच्यामुळे टिकतात आणि ओळीची खरी उंची दिसते. न का, तर त्याची रुंदी मध्यम आहे. सगळीकडे क घातला तर मजकूर फुगतो आणि चौकटीच्या कोपऱ्यात मजकूर मावत नसल्याचं लाल अधिक चिन्ह येतं. र घातला तर परिच्छेद आकसतात. तुमच्या फॉन्टमध्ये न बसत नसेल तर त घालून पाहा. जाहिरातींसाठी हाच पल्ला गुजराती अक्षरांनी लिहून वेगळी फेरी चालवा. देवनागरीच्या फेरीत गुजराती सापडत नाही, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, तिचे क्रमांक वेगळे आहेत.

‘चेंज ऑल’ दाबण्याआधी शोधाची व्याप्ती ‘डॉक्युमेंट’ ठेवा आणि खालची तळटीप, लपलेले लेयर व मास्टर (नव्या आवृत्त्यांत ‘पॅरेंट’) पानांची चिन्हं चालू करा.

एकही बदल झाला नाही असं उत्तर आलं तर फाइल जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये असणार. एका ओळीला साधा इंग्रजी फॉन्ट देऊन पाहा. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर शंका खरी. मग आधी प्रतीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. उलट, बदल झाला पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर आली, तर परिच्छेद पॅनलच्या मेनूतून ‘वर्ल्ड रेडी पॅरॅग्राफ कंपोझर’ निवडा.

नावांसाठी ही युक्ती पुरेशी नाही. ‘पाटील’चं ‘नानीन’ झालं तरी काना आणि दीर्घ वेलांटी जागेवर आहेत. ओळखीच्या माणसाला अंदाज येतो. नावं, पत्ते आणि आभाराची यादी निवडून पुसाच आणि तिथे ‘सभासदाचं नाव’, ‘पत्ता, ओळ १’ असं हाताने लिहा. अंकांसाठी [०-९] शोधून ० घाला, इंग्रजी आणि गुजराती अंकांची फेरी वेगळी चालवा. चौकटीचा रंग काळा करून नंबर झाकू नका. झाकलेला मजकूर फाइलमध्ये असतोच, पीडीएफमधूनही निवडून कॉपी करता येतो.

फोटोंचंही तसंच. ‘डिस्प्ले परफॉर्मन्स’ मध्ये ‘फास्ट’ निवडलं की राखाडी चौकटी दिसतात, पण त्या पडद्यापुरत्या. छापील प्रतीत फोटो नको असतील तर प्रिंट खिडकीतल्या ग्राफिक्स भागात ‘सेंड डेटा’ला ‘नन’ द्या. फोटोच्या जागी तेवढ्याच मापाची फुलीची चौकट छापली जाते. फाइलच द्यायची असेल तर फोटो खरोखर बदलायला हवेत.

दोन राखाडी जेपीजी करा: एक उभी, ३५ × ४५ मिमी, पासपोर्ट फोटोंसाठी, एक आडवी, ३:२ प्रमाणात. प्रेफरन्सेसमधल्या ‘फाइल हँडलिंग’मध्ये ‘प्रिझर्व्ह इमेज डायमेन्शन्स व्हेन रीलिंकिंग’ चालू आहे ना ते पाहा, नाहीतर चित्र चौकटीत वेड्यावाकड्या मापाने येतं. मग लिंक्स पॅनलमध्ये उभे फोटो एकत्र निवडून उभ्या चित्राला रीलिंक करा (म्हणजे त्यांच्या जागी ते चित्र जोडा), आडवे आडव्याला.

लिंक्स पॅनलमध्ये फक्त राखाडी चित्रं उरली म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. वर्डमधून कॉपी करून चिकटवलेले फोटो त्या यादीत येतच नाहीत. ते पान पान उलटून शोधावे लागतात. पानाबाहेरच्या मोकळ्या जागेत टाकून दिलेले नको असलेले फोटोही तिथेच सापडतात.

शेवटी ‘फाइल इन्फो’तलं वर्णन आणि लेखकाचं नाव पुसा, पुन्हा एकदा ‘सेव्ह अ‍ॅज’ करा, म्हणजे फाइल नव्याने लिहिली जाते. मग तिची पीडीएफ काढून अध्यक्षांचं आडनाव आणि एखाद्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार अंक शोधा, तिन्ही प्रकारच्या अंकांत. काही सापडलं तर ज्या चौकटीत सापडलं तिचं कुलूप आधी तपासा.