गोल्डन रूल्स नंतर पाठ करा, आधी मेसवाल्या काकूंचा हिशोब लिहून बघा

दरवर्षी कॉमर्सच्या एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, नवीन पोरं येतात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून अकाउंटिंगचं गाईड आणतात, पहिल्याच रात्री तीन गोल्डन रूल्स (कुठलं खातं डेबिट आणि कुठलं क्रेडिट करायचं याचे नियम) घोकतात आणि दुसऱ्या दिवशी "उधारीवर माल घेतला" एवढी साधी एंट्री आली तरी पेन तोंडात घालून बसतात. माझंही हेच झालेलं. रूल्स चुकीचे नाहीयेत, पण पैसा कसा फिरतो हे डोळ्यासमोर नसेल तर ते नुसते मंत्र. म्हणून एक वही घ्या, मधोमध रेघ मारा आणि ज्या मेसमध्ये जेवता तिचा एका महिन्याचा हिशोब लिहा. मी इथे सदाशिव पेठेतली एक मेस धरतोय, आकडे सगळे समजा टाईप.

१ एप्रिलला काकूंनी स्वतःचे १,००,००० घातले आणि पतसंस्थेतून १२ टक्के व्याजाने ५०,००० उचलले. आता पहिलं तत्त्व इथेच येतं, काकू वेगळ्या आणि मेस वेगळी. आपण वही मेसची लिहितोय, काकूंची नाही. त्यामुळे काकूंचे एक लाख हे मेसच्या दृष्टीने काकूंना देणं लागतं, आणि म्हणूनच भांडवल ताळेबंदात (एका बाजूला जवळ काय आहे, दुसऱ्या बाजूला देणं काय आहे असा तक्ता) देण्यांच्या बाजूला बसतं. हे डोक्यात शिरलं की अर्धं अकाउंटिंग झालं असं मी तरी म्हणेन.

आता प्रत्येक व्यवहाराला दोनच प्रश्न विचारायचे, आलं कुठून आणि गेलं कुठे. जिथून आलं ते क्रेडिट म्हणजे जमा, जिथे गेलं ते डेबिट म्हणजे नावे. फ्रीज, शेगड्या, भांडी, टेबलं ९०,००० ला रोखीत घेतली, पैसे गल्ल्यातून आले तर कॅश क्रेडिट, सामानात गेले तर सामान डेबिट. ४०,००० चा किराणा उधारीवर आणला, माल आत आला तो डेबिट, ज्याने दिला तो दुकानदार क्रेडिट, कॅशचा इथे संबंधच नाही. (जमा म्हणजे चांगलं आणि नावे म्हणजे वाईट हे डोक्यातून काढा. तुम्ही पैसे भरले की पासबुकात क्रेडिट दिसतं कारण ती वही बँकेची आहे, बँक तुमचं देणं लागते. तुमच्या वहीत तोच व्यवहार बँक खात्याला डेबिट.) ही दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिसचे व्यापारी वापरायचे, पाचोली नावाच्या इटालियन फ्रायरने, म्हणजे ख्रिस्ती संन्याशाने, १४९४ साली ती छापून प्रसिद्ध केली, शोध त्याचा नाही.

आता खरी गंमत. वीस पोरांनी महिना ३,००० च्या हिशोबाने तीन महिन्यांचे आगाऊ पैसे भरले, म्हणजे १,८०,००० एका दिवसात गल्ल्यात. काकू खूश. पण हे उत्पन्न आहे का? नाही ना, अजून एक पोळी वाढलेली नाहीये. उद्या मेस बंद पडली तर तुम्हीच दारात उभे राहून पैसे परत मागाल, म्हणजे हे देणं झालं. कॅश डेबिट, आगाऊ मेस फी क्रेडिट, आणि ते खातं देण्यांमध्ये. ३० एप्रिलला एक महिना जेऊ घालून झाला की ६०,००० तिथून काढून उत्पन्नात टाकायचे, उरलेले १,२०,००० देणंच. याला अक्रुअल म्हणतात, पैसे कधी आले ते बघायचं नाही, कमावले कधी ते बघायचं. कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याने अक्रुअल आणि दुहेरी नोंद दोन्ही सक्तीचं आहे, काकूंना ती सक्ती नाही, पण खरा नफा कळायचा तर हाच रस्ता.

खर्चालाही तेच लावा. किराणा ४०,००० चा आणला पण महिनाअखेर १२,००० चा शिल्लक, मग एप्रिलचा खर्च २८,००० च. (शिल्लक माल खरेदी किंमत किंवा विकून जे येईल ते, यातलं जे कमी त्या भावाने धरायचा.) भाडं १०,००० आणि गॅस ४,००० रोख दिले. स्वयंपाकाच्या मावशींचा एप्रिलचा पगार ९,००० पाच मेला देणार, तरी खर्च एप्रिलचा. व्याज अजून भरलं नाही तरी ५०० झालंच. आणि घसारा, जो सगळे विसरतात, सामान पाच वर्षं टिकेल आणि शेवटी भंगाराचे काही येणार नाहीत असं धरलं तर महिन्याला १,५००. कॅश गेली नाही पण सामान झिजलं, म्हणून घसारा डेबिट, सामान क्रेडिट. परीक्षेत ट्रायल बॅलन्सच्या (सगळ्या खात्यांच्या डेबिट आणि क्रेडिट शिलकांची यादी, दोन्हीकडची बेरीज सारखी यायला हवी) खाली ज्या ॲडजस्टमेंट देतात त्या ह्याच, आणि त्यातल्या प्रत्येकीचा परिणाम दोन ठिकाणी दाखवायचा असतो, एक दाखवून दुसरा विसरला की ताळेबंद जुळत नाही आणि मग रात्रभर टोटल मारत बसा.

बेरीज करा. ६०,००० मधून २८,०००, १०,०००, ४,०००, ९,०००, ५०० आणि १,५०० गेले, नफा उरला ७,०००. आणि गल्ल्यात किती? मधे काकूंनी मुलाच्या फीसाठी १५,००० काढले, ती उचल, खर्च नाही, ती भांडवलातून वजा. ते जाऊनही रोख २,११,०००! गल्ला भरलेला आणि नफा सात हजार, म्हणजे काकूंनी कमावलं त्याच्या दुप्पट उचललंय आणि त्यांना पत्ताच नाही.

ताळेबंद मांडून बघा. एका बाजूला रोख २,११,०००, माल १२,०००, सामान ८८,५००. दुसऱ्या बाजूला कर्ज ५०,०००, व्याज देणं ५००, किराणावाला ४०,०००, पगार देणं ९,०००, आगाऊ फी १,२०,००० आणि काकूंचं भांडवल ९२,०००. दोन्हीकडे ३,११,५००.

क्रम म्हणाल तर आधी रोजकीर्द (रोजचे व्यवहार तारखेप्रमाणे), मग खतावणी (तेच व्यवहार खात्याखात्याप्रमाणे), मग तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, मग नफा-तोटा पत्रक आणि शेवटी ताळेबंद. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्री मारली की पुढचं आपोआप होतं, म्हणूनच आधी दोन-चार वेळा हाताने करा. तेरीज जुळली नाही तर फरकाला ९ ने भाग जातो का बघा, जात असेल तर बहुतेक ५४० चे ४५० झालेत. नाहीतर फरकाचा निम्मा आकडा शोधा, तो चुकीच्या बाजूला पडलेला असू शकतो. आणि जुळली म्हणून हवेत जाऊ नका, गॅसचा खर्च भाड्यात टाकला तरी तेरीज मस्त जुळते.

आता एक तुम्ही करा. मे सुरू होताना एक पोरगा मेस सोडतो आणि काकू त्याचे दोन महिन्यांचे ६,००० परत देतात. नफा किती कमी झाला? बहुतेक जण ६,००० म्हणतात. एक रुपयाही नाही, आगाऊ फी डेबिट, कॅश क्रेडिट, देणं होतं ते फिटलं. ही बरोबर आली तर पुढची, चार पोरं मे महिन्यात दहा-दहा दिवस गावाला गेली आणि काकूंनी त्यांचे खाडे पुढच्या महिन्यात धरायचं कबूल केलं, तर मेचं उत्पन्न किती धरायचं ते वहीत लिहून काढा.