मुंबईत मच्छीची थाळी: काय विचारावं, काय मागवावं

मुंबईत मासे खायला निघालेला नवखा माणूस दोनच नावं घेतो, सुरमई आणि पापलेट. खानावळवाल्यालाही ते सोयीचं पडतं, कारण हे दोन्ही मासे बर्फात बरेच दिवस तग धरतात. मांदेली, बोंबील, तारली यांचं तसं नाही, ती त्याच दिवशी संपवावी लागतात. म्हणून दादर असो, गिरगाव असो की लालबाग, अनोळखी खानावळीत आधी एक प्लेट छोटी मच्छी मागवा. मांदेली अख्खी, कुरकुरीत आली तर सकाळी बाजार झालेला आहे असं समजा. लगदा होऊन तव्यावरच तुटलेली आली, तर महागाच्या माशाचा नाद सोडा.

वार पाहून जा. मुंबईकर मासे खातो तो मुख्यतः बुधवार, शुक्रवार आणि रविवारी. या दिवशी गर्दी असते, पण माल फिरतो. सोमवारी शंकराचा, गुरुवारी दत्ताचा आणि शनिवारी मारुतीचा उपास किंवा निदान शाकाहार पाळणारे बरेच. त्यामुळे सोमवारी दुपारी ताटात रविवारचा उरलेला मासा येण्याची शक्यता सर्वांत जास्त. वेळ साडेबाराच्या आतली गाठा. दोननंतर चांगल्या तुकड्या संपलेल्या असतात आणि शेपट्या उरतात.

हंगामाचं गणितही आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत सुरमई मिळाली तरी ती बर्फातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली असते. तेव्हा सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी), सुका बोंबील, जवळा (सुकवलेली अगदी बारीक कोलंबी) मागवावा. नाहीतर खाडीचे मासे आणि तळ्यात वाढवलेली कोलंबी आहेच. पावसाळ्यात सोड्याची खिचडी खायची सोडून पापलेटचा हट्ट धरणाऱ्याची कीव येते.

आता वेटरला काय विचारायचं. "आज ताजं काय?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं: "सगळं ताजंच आहे, साहेब." त्यापेक्षा "दादा, सुरमईचं डोकं आहे का कालवणाला?" असं विचारा. अख्खा मासा आज इथेच कापला असेल तर डोकं असतंच, किंवा "आत्ताच संपलं" असं झटकन उत्तर येतं. नुसत्या तुकड्याच आणलेल्या असतील तर तो बहुधा आत विचारायला जातो. पुढचा प्रश्न, "तव्यावर की कढईत?" गर्दीच्या वेळी काही ठिकाणी मासा आधीच अर्धवट तळून ठेवतात आणि ऑर्डर आली की कढईत बुडवून काढतात. तव्यावरच्या तुकडीला दहा-बारा मिनिटं लागतात. दोन मिनिटांत आली तर ती तुमच्यासाठी तळलेली नाही.

सुरमईच्या तुकडीचा आकार बघा. मध्ये पोकळी आणि दोन्ही बाजूंना लोंबते पातळ काठ असतील तर ती पोटाकडची. तीच मऊ आणि तेलकट, तीच मागा. पूर्ण गोल, भरीव आणि लहान असेल ती शेपटीकडची, तळल्यावर कोरडी होते. ताज्या तुकडीच्या ओलसर पाकळ्या सुटतात, बर्फात राहिलेली भुसभुशीत लागते. मेनूकार्डावर भावाच्या जागी 'ए.पी.एस.' लिहिलेलं असलं तर भाव माशाच्या आकारावर ठरतो. अख्खं पापलेट किंवा कुरल्या (खेकडे) मागवण्याआधी आकडा विचारा, यात लाजायचं काही नाही.

बोंबलाचं बिघडतं ते पाण्यामुळे. हा मासा पाण्यानंच भरलेला असतो. चिरून, सपाट करून, वजनाखाली दाबून पाणी काढलं नाही तर रवा सुटतो आणि ताटात ओला गोळा येतो. तसा आला तर परत पाठवा, चूक स्वयंपाकघराची आहे. मोरीला (लहान शार्क माशाला) अमोनियासारखा उग्र वास येत असेल तर घासही घेऊ नका. शिळी होत गेली की तिच्या मांसातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि मसाल्यानं तो झाकला जात नाही. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) खाताना जिभेला मिरचीचा नसलेला चुरचुरीतपणा जाणवला तर थांबा. हे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. शिजवून ते जात नाही, आणि तासाभरात तोंड लाल होऊन अंगाला खाज सुटू शकते. तिसऱ्या म्हणजे शिंपले मागवले, तर त्यांतली शिजूनही मिटलेली शिंपली बाजूला ठेवा.

कालवण माशाप्रमाणे निवडा. मालवणी वाटणात भाजलेलं खोबरं आणि कांदा असतो, ते कुरल्या-तिसऱ्यांना मानवतं. गोव्याच्या हुमणात कच्चं खोबरं आणि तिरफळ हा मसाला असतो, ते बांगड्याला. कोळी पद्धतीचं लाल, पातळ, कमी खोबऱ्याचं कालवण बोंबलाला. पापलेटवर कडक मसाला घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

काट्यांची सवय नसेल तर करली आणि पाला हे मासे टाळा. थाळीत साधारण एक तळलेली तुकडी, कालवण, भात, चपाती किंवा भाकरी आणि सोलकढी येते. चपातीला नाही म्हणा, तांदळाची भाकरी घ्या. बऱ्याच ठिकाणी नुसता रस्सा पुन्हा वाढतात, मासा नाही. तेव्हा सगळा रस्सा भाकरीवर संपवला म्हणून भात कोरडा खाऊ नका. "मावशी, थोडा रस्सा द्या" म्हटलं की वाटी भरते. टेबलावर समोर अनोळखी माणूस बसणारच, आणि दाराशी रांग असेल तर हात धुतल्यावर गप्पा बाहेर.

सोलकढी शेवटी. रंग फिकट गुलाबी आणि जिभेला नारळाचा बारीक चोथा लागला तर ती तिथेच केलेली. भडक गुलाबी, एकजीव आणि गोडसर असली तर रंग किंवा पाकीट. वाटी थोडा वेळ ठेवली की खरी सोलकढी वर-खाली वेगळी होते, तो दोष नाही, चमच्यानं ढवळा. खारट लागली तर आगळ (कोकमाचा दाट रस) वापरलं आहे, त्यात मीठ आधीच असतं आणि कुणीतरी वरून पुन्हा घातलंय. अर्धी प्या, उरलेली शेवटच्या मूठभर भातावर ओता.