रात्री दहानंतर डीजे वाजतोय? तक्रार अशी करा

मागच्या लग्नसराईत आमच्या गल्लीत हळद होती, साडेदहा झाले, अकरा झाले तरी डीजे काही थांबेना. मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते आणि बाबा, ज्यांच्या बायपासला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, ते पलंगाच्या कडेला छातीवर हात ठेवून नुसते बसून होते. मी पोलीस स्टेशनला फोन लावला, समोरून पहिलाच प्रश्न आला की तुमचं नाव काय, कुठल्या घरातून बोलताय, आणि मी घाबरून फोन ठेवून दिला कारण ज्यांच्याकडे हळद होती त्यांचं आमचं रोजचं येणंजाणं. डीजे पावणेएकला बंद झाला. ती रात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून नंतर जे जे समजून घेतलं ते इथे लिहितोय, कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

आधी नियम नीट माहीत पाहिजे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम देशभर लागू आहेत. लाऊडस्पीकर लावायचा तर दिवसासुद्धा लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर, डीजे, ढोल-ताशा, बँड काहीच वाजवता येत नाही. बंद हॉलमध्ये आतल्या आत चालतं, पण मंडप म्हणजे बंद हॉल नाही हे लक्षात ठेवा. आवाजाचे फटाके आणि राहत्या वस्तीत बांधकामाची आवाज करणारी मशिनं यांनाही रात्री बंदी आहे, हे खूप जणांना माहीतच नसतं. राहत्या भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५.

आता बरेच लोक इथेच अडकतात, मोबाईलवर अ‍ॅप टाकून डेसिबल मोजत बसतात. दिवसाच्या तक्रारीला आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल तरी जास्त असावा लागतो, पण रात्री १० नंतर बंदी मोडली एवढंच तक्रारीला पुरेसं आहे, आकडा सांगायची गरजच नाही. म्हणून फोनवर "खूप आवाज होतोय हो" असं म्हणू नका, त्याने काही होत नाही, "दहा वाजून गेलेत आणि उघड्यावर लाऊडस्पीकर चालू आहे" असं म्हणा.

फोन ११२ ला करा किंवा थेट पोलीस स्टेशनला. जागा अशी सांगा की गाडी चुकणार नाही, म्हणजे अमुक मंदिराच्या मागची गल्ली, रेशन दुकानासमोरचा मंडप. किती वाजल्यापासून चालू आहे ते सांगा, घरात आजारी माणूस, तान्हं बाळ असेल तर तेही सांगा.

आणि नावाचं. मला हे त्या रात्री माहीत असतं तर मी फोन ठेवला नसता. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय की अशा तक्रारीवर कारवाई करताना पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारायची नाही. कुर्ला-चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांनी भोंग्यांविरुद्ध याचिका केली होती त्यात हे आलं, आणि लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही हेही त्यात आहे. नाव विचारलं तर शांतपणे सांगा की मला नाव द्यायचं नाही, कोर्टाचा निकाल आहे, आवाजात चढ नको.

फोन केल्याची वेळ वहीत लिहून ठेवा आणि आपल्याच खिडकीतून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, त्यात भिंतीवरचं घड्याळ दिसलं तर फारच छान. अर्ध्या तासात कोणी आलं नाही तर परत फोन करा. आणि खाली जाऊन प्यायलेल्या पोरांशी वाद घालू नका, अगदी हात जोडून सांगतो.

जिथे हे पुन्हापुन्हा होतं तिथे मात्र लेखी अर्जच द्या, चार-पाच घरांच्या सह्या घेऊन, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय निघू नका. मंडपाला स्पीकरची परवानगी होती का हे माहितीच्या अधिकारात मागता येतं, आमच्याकडे नुसता तो अर्ज गेल्यावर फरक पडला.

सणांचं वेगळं आहे. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, गणपती-नवरात्रातले काही दिवस त्यात असतात. तक्रारीआधी ती यादी बघून घ्या. सूट वेळेची असते, हवा तेवढा आवाज करायची नाही, आणि शांतता क्षेत्रात, म्हणजे दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आसपास, ती चालत नाही.

शेजाऱ्यांकडे कार्य असेल तर आधीच जाऊन बोलणं सगळ्यात चांगलं. यंदा समोरच्या काकूंकडे हळद होती, मी आठ दिवस आधी गेलो, बाबांचं सांगितलं, तर दहाला पाच मिनिटं असताना त्यांच्या थोरल्यानेच वायर काढली. आणि दुसऱ्या दिवशी बाबांना जेवायला घेऊन गेला.

एका रात्रीपुरता नसलेला त्रास, म्हणजे वस्तीतलं वेल्डिंगचं वर्कशॉप, रस्त्यावर वाहणारं गटार, धूर, त्यासाठी रस्ता वेगळा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, तालुक्याला म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत, ते उपद्रव हटवायचा आदेश काढू शकतात. आधी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, हेच कलम १३३ होतं आणि त्याच्याच जोरावर मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांसाठी नगरपालिकेला सुप्रीम कोर्टापर्यंत, १९८० साली, हरवलं होतं. सार्वजनिक उपद्रवाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ मध्ये दंड फक्त हजार रुपयांपर्यंत आहे, पण मनाईचा आदेश मिळाल्यावरही चालूच ठेवलं तर २९३ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून आधी तो आदेश मिळवण्यामागे लागा. अर्जाला फोटो जोडा, मागे तारीख लिहून.